भुसावालीची झाकणं

बाईंचा नवरा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा मोठ्या दिरानं लाकडाच्या वखारीच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. रस्त्याकडची बाजू, मोठं फाटक, ओंडके उतरवायची जागा आणि नवी पट्टा करवत त्याच्याकडे. मागची, ओढ्याकडची बाजू भावजयीकडे. तिथं होतं काय? एक पत्र्याची शेड, एक जुनी गोल करवत आणि माणसाच्या दुप्पट उंचीचा भुशाचा ढीग.

मी त्या वखारीत करवतींना धार लावायचो. रेघ मारली जात होती तेव्हा मी कानस घेऊन तिथंच बसलो होतो.

"आणि हे मिस्त्री कुणाचे?" बाईंनी विचारलं.

दीर हसला. "घेऊन जा. नाहीतरी हाताला कमी आणि तोंडाला जास्त आहे."

कपाट वाटून द्यावं तशी माझी वाटणी झाली. त्या दिवसापासून मला दोघांचाही राग होता, आणि खरं सांगायचं तर तो पुढं फारसा उतरला नाही. बाईंकडे मी सत्तावीस वर्षं काढली. त्या गेल्यावर त्यांच्यावर झालेली भाषणंही ऐकली. माउली काय, सावली काय! भाषणांतली ती बाई कोण, मला माहीत नाही. मला माहीत आहे ती सांगतो.

बाईंचे वडील एका ठेकेदाराकडे झाडं तोडायचे. एकदा झाड ठरल्या बाजूला न पडता उलटं पडलं आणि वडील त्याखाली गेले. ठेकेदारानं घरी गाडीभर फांद्या पाठवल्या, जळणाला. आईनं सहा वर्षांच्या मुलीला पुढं केलं आणि त्याला हात जोडायला लावले. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही भांडता भांडता. "मी हात जोडले, आणि तो म्हणाला, गुणाची पोर आहे. मिस्त्री, मला तेव्हा त्याचा हात चावावासा वाटला होता."

वाटणी झाली तेव्हा बाई चौतीस वर्षांच्या होत्या. लाकूड आणायला जंगलखात्याच्या डेपोतल्या लिलावाला गेल्या. तिथं गिरणीवाले एकमेकांशी संगनमत करून बसायचे. बाईंनी कुठल्याही ढिगावर बोली लावली की कुणीतरी वर चढायचं. दीर पहिल्या रांगेत असायचा आणि मान वळवून बघायचासुद्धा नाही. चार लिलावांतून आम्ही रिकामे परत आलो. पाचव्या वेळी मी ट्रकजवळ उभा राहिलो तर बाई आल्याच नाहीत. त्या शेडमध्ये भुशाच्या ढिगावर फावडं घेऊन उभ्या होत्या.

गावात आमची धरून अठरा लाकूडगिरण्या होत्या आणि सगळ्यांचा भुसा ओढ्यात जायचा. बाई प्रत्येक गिरणीत गेल्या आणि म्हणाल्या, तुमचा भुसा, साली, कडेचे तुकडे मी उचलून नेते. लोकांना हसू आवरेना. ज्याला कचरा टाकायचा कंटाळा, त्याला कुणी कचरा मागत आलं तर दुसरं काय होणार! त्याच आठवड्यात त्यांचं नाव भुसावाली पडलं.

कुठून तरी त्यांनी जुना दाबयंत्राचा सांगाडा आणला. तो मी सहा आठवडे दुरुस्त केला आणि त्या सहा आठवड्यांत दोनदा नोकरी सोडली. भुशाचे दाबलेले ठोकळे कारखान्यांच्या भट्ट्यांना जाऊ लागले. कडेच्या तुकड्यांच्या फळांसाठी पेट्या होऊ लागल्या. नऊ वर्षांनी आमच्याकडे साठ माणसं कामाला होती, आणि डोंगराची बोडकी उतरण भाडेपट्ट्यानं घेऊन बाईंनी तिथं लवकर वाढणारी झाडं लावली होती. त्या उतरणीला त्यांनी तारेचं कुंपण घातलं, म्हणून गुरंवाले चिडले. एकानं कुंपण तोडलं, तर बाईंनी त्याची म्हैस दोन दिवस गिरणीत बांधून ठेवली. तिला चारा व्यवस्थित घातला, पण मालकाला शब्दांचा मार दिला.

याच काळात त्या दानधर्म करायला लागल्या. शाळेचं छप्पर गळत होतं. बाईंनी लाकूड दिलं, सुतार दिले आणि काम संपल्यावर हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाल्या, "चार वर्षं मुलं बादल्या मांडून शिकली आणि तुम्हाला एक अर्ज लिहिता आला नाही? सही तरी करता येते ना?" हेडमास्तरांनी आभाराचं पत्र लिहून ठेवलं होतं. ते त्यांच्या हातातच राहिलं. दवाखान्याला बाईंनी दहा खाटा दिल्या, आणि मग दर शनिवारी जाऊन गाद्या उलटून बघायला लागल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला एकदा विचारलं, "यांना परत नेता येतील का हो खाटा?" बाई अशा काही द्यायच्या की घेणाऱ्याला वाटावं, आपणच काहीतरी चोरून नेतोय.

मी एकदा म्हटलं, "जरा गोड बोलून दिलं तर काय बिघडेल?"

"गोड बोलून जे देतात ना, मिस्त्री, त्यांना जोडलेले हात हवे असतात. मला नको आहेत."

बाई मला नेहमी अहो-जाहो करायच्या. शिव्याही अहो-जाहोतच द्यायच्या.

अकराव्या वर्षी, सकाळी दहाच्या सुमारास, भिंतीपलीकडची करवत वेगळ्याच आवाजात ओरडली. चुन्याच्या रेघेवर तोवर भिंत उभी राहिली होती. मी आयुष्य करवतीच्या आवाजावर काढलंय. लाकडात गाठ आली की आवाज जाड होतो, खिळा आला की किंचाळतो. हा आवाज त्यातला नव्हता. मी भिंतीवरून उडी मारली.

दिराचा एकुलता एक मुलगा, चोविशीतला, दिरानं नंतर घेतलेल्या गोल करवतीपाशी गुडघ्यांवर बसला होता. करवतीवरचा माणूस आला नव्हता, म्हणून बापानं त्याला उभं केलं होतं. गाठ लागून फळी उसळली आणि उजवा हात पात्यावर गेला. अंगठा राहिला होता. बाकीची चार बोटं भुशात होती.

दिराचा ट्रक ओंडक्यांनी भरलेला होता, आमचा रिकामा. बाईंनी आमचा ट्रक त्यांच्या फाटकातून आत घातला. अकरा वर्षांत पहिल्यांदा दीर-भावजय एका जागी बसले, ते ट्रकच्या केबिनमध्ये, मध्ये तो मुलगा. मी मागं हौद्यात, पाण्यात भिजवलेल्या फडक्यात बोटं गुंडाळून डबा मांडीवर घेऊन. मोठ्या दवाखान्याला पोचायला तीन तास लागले. डॉक्टरांनी डबा उघडला, बघितलं आणि झाकण परत लावलं. "आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले.

व्हरांड्यात दीर पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता. "लक्ष नव्हतं त्याचं. मी शंभरदा सांगितलं होतं. लक्ष नव्हतं."

"काय म्हणालात?" बाईंचा आवाज असा चढला की आतून नर्स बाहेर आली. "पोराचे बाप आहात की गिरणीचे मुकादम?"

दिरानं मान वर केली. रडून त्याचे डोळे लाल झाले होते, पण जीभ शाबूत होती. "तुझ्या गिरणीत दोघांची बोटं गेली तेव्हा तू काय म्हणाली होतीस? मला सगळं कळतं भिंतीपलीकडचं. हेच म्हणाली होतीस. शब्दाला शब्द."

ते खरं होतं. आमच्या जुन्या करवतीला येतानाच पात्यावर झाकण होतं. पेट्यांचं पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा, झाकणामुळं वेळ जातो म्हणून बाईंनी ते काढायला लावलं. मी काढलं. हुकूम त्यांचा होता, पण पाना माझ्या हातात होता. नंतर एकाचं एक आणि दुसऱ्याची दोन बोटं गेली, तेव्हा आम्ही दोघंही म्हणालो होतो, लक्ष नव्हतं.

आम्ही परत निघालो. अर्ध्या रस्त्यात बाईंनी विचारलं, "ते झाकण कुठं आहे?"

"भंगारात गेलं. आठ वर्षं झाली."

"मग नवं करा."

"आता सुचलं होय तुम्हाला?" मी म्हटलं. माझ्या मांडीवर तो डबा अजून होता.

"हो, आता सुचलं. तुम्हाला त्याआधी सुचलं होतं का? नाही ना? मग तोंड बंद ठेवा आणि हात चालवा."

मी पत्र्याचं झाकण केलं, मागं बिजागरी लावलेलं. फळी पुढं सरकली की ते आपोआप उचललं जायचं, फळी गेली की खाली बसायचं. आमच्या सगळ्या करवतींवर ती बसवली. काम मंदावलं. माणसं फळ्यांच्या नगावर मजुरी घ्यायची, त्यामुळं ती बोंबलायला लागली. बाईंनी सगळ्यांना रोजावर घेतलं आणि वर बजावलं, "जो झाकण काढेल तो घरी बसेल." आमच्याकडचा प्रश्न मिटला.

पण तेवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या! उरलेल्या सतरा गिरण्यांत आपल्या पदरची झाकणं बसवायची, असं त्यांनी ठरवलं. आम्ही निघालो. पहिल्या गिरणीवाल्यानं झाकण उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "भुसावाली, तू भुसा ने. करवत आमची आम्ही बघतो." दुसऱ्यानं बसायलाही सांगितलं नाही. तिसऱ्यानं विचारलं, झाकणाच्या बदल्यात मला काय देशील? आठवडाभर हेच चाललं.

तेव्हा बाई भिंतीपलीकडे गेल्या. अपघाताला चार महिने झाले होते. दीर गिरणीत होता. पुतण्या घरात, खिडकीकडे पाठ करून बसला होता.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "काम आहे."

काकू आपल्याला नोकरी देतायत असं त्याला वाटलं. डाव्या हातानं बटणं लावायला त्याला वेळ लागायचा, तरी तो आत गेला आणि चांगला शर्ट घालून आला. मी फाटकात उभा होतो. मला ठाऊक होतं त्याला कशाला नेतायत, आणि मी बोललो नाही.

गिरणीत मालकासमोर उभं राहून बाई म्हणाल्या, "दाखव."

त्याला कळलंच नाही. "काय?"

"हात. फडकं सोड."

त्यानं आधी काकूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. फडकं सोडलं. मालकानं तोंड फिरवलं आणि म्हणाला, "बसवा. बसवा झाकण, पण याला घेऊन जा." दुसऱ्या दिवशी दुसरी गिरणी, तिसऱ्या दिवशी तिसरी. प्रत्येक ठिकाणी 'दाखव', प्रत्येक ठिकाणी झाकण बसलं. बाई खूश होत्या म्हणणं चुकीचं ठरेल, पण चालताना त्यांचं पाऊल जोरात पडत होतं.

चौथ्या गिरणीच्या दारात तो थांबला.

"काकू, हा माझा हात आहे. तुमची जाहिरातीची पाटी नाही."

"त्या पाटीमुळं तीन गिरण्यांत झाकणं बसली."

"मग माझ्यावरही एक बसवा. म्हणजे कुणाला काही दिसायला नको."

"रडायचं असेल तर घरी जाऊन रड. इथं तुझ्यासारखे दोनशे जण करवतीवर उभे आहेत."

"मला त्यांचं सांगू नका!" तो इतक्या जोरात ओरडला की आतली करवत बंद झाली. "मी रोज सकाळी शर्ट घालून येतो. मला वाटतं, आज तरी काकू म्हणतील, हे काम कर. तुम्ही म्हणता, दाखव. बाबांनी मला नुसतं करवतीवर उभं केलं. तुम्ही मला माकड केलंत."

तो चालत परत गेला. अडीच मैल. ट्रकमध्ये बसायला तयार झाला नाही. बाई काही क्षण त्याच्या पाठीकडं बघत उभ्या राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "चला आत." मी गेलो नाही. मी ट्रकमध्ये बसून राहिलो आणि त्या एकट्या आत जाऊन पाच मिनिटांत नकार घेऊन आल्या.

बरं, जी तीन झाकणं बसली होती ती तरी टिकली का? महिन्याभरात तिन्ही उतरली. मालकांनी नाही, कामगारांनीच काढली. तिथं मजुरी नगावरच होती. एका ठिकाणी त्या झाकणात कुत्र्याला पाणी ठेवलं होतं. मी बघितलं तेव्हा मला हसू आलं, आणि बाईंनी मला हसताना पाहिलं. पुढचे पंधरा दिवस आमचं बोलणं चिठ्ठ्या लिहून चाललं.

मग बाईंनी शेवटचं हत्यार काढलं. ज्या गिरणीत झाकण नाही आणि मजुरी नगावर आहे, तिथला भुसा आणि तुकडे उद्यापासून उचलणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं. लोक पुन्हा हसले, पण आठवडाभरच. ओढ्यात भुसा टाकायला मधल्या काळात सरकारनं बंदी आणली होती. तीन आठवड्यांत सगळ्या गिरण्यांच्या अंगणात ढीग उभे राहिले. ट्रक वळेना, ओंडके उतरवता येईनात, वाऱ्यानं भुसा घराघरांत गेला. गावातली बायामाणसं गिरणीवाल्यांना शिव्या घालायची आणि गिरणीवाले बाईंना.

एके दिवशी दुपारी ते सगळे आमच्या फाटकाशी आले. पुढं दीर.

"हे दान करतेस की गळा दाबतेस?" त्यानं विचारलं.

"दोन्ही करते, भाऊजी. मला दोन हात आहेत."

हे बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणासमोर काय बोललो. दिराचा चेहरा राखेसारखा झाला. बाईंनी शब्द मागं घेतले नाहीत. घ्यायला हवे होते. मी एवढी वर्षं त्यांच्याकडे काढली, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांना कधी माफ केलं नाही.

मागच्या गर्दीतून पहिला दगड आला तो ऑफिसच्या काचेवर. दुसरा माझ्या भुवईवर. तीन टाके पडले. दगड मारणारे मालक नव्हते, त्यांच्या गिरण्यांतले कामगार होते. ज्यांची बोटं वाचवायची म्हणून हे सगळं चाललं होतं, तेच. बाई फाटकातून हलल्या नाहीत. "मारा," त्या ओरडल्या. "मारून घ्या, दहा बोटं आहेत तोवर!"

मी टाके घालून घरी पडलो होतो तेव्हा पुतण्या आला. उजवा हात खिशात. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला, "मिस्त्रीकाका, तुमचं झाकण वाईट आहे."

मला राग आला. डोक्याला पट्टी, आणि वर हे.

"रेघ दिसत नाही त्यातून," तो म्हणाला. "माणूस फळी कुठं कापली जातेय ते बघत कापतो. तुम्ही त्याचे डोळे झाकता आणि म्हणता, बोटं सांभाळ. मी असतो तर मीही काढून फेकलं असतं. नगाचं सोडा, रोजावर असतो तरी."

"मग काय करू?"

"समोर पत्रा नको, जाळी लावा. आणि पात्यासमोर बोटभर फट ठेवा."

'बोटभर' हा शब्द त्यानं सहज उच्चारला. मी मात्र खाली बघितलं.

आम्ही दोघांनी माझ्या घरामागं नवं झाकण केलं. कापायचं काम माझं, सांगायचं काम त्याचं. हळूहळू तो डाव्या हातानं कानस चालवायला लागला. सहाव्या झाकणातून रेघ स्वच्छ दिसू लागली आणि भुसाही अडकेना. ते घेऊन मी बाईंकडे गेलो आणि कुणी केलं ते सांगितलं. बाईंनी ते करवतीवर लावून स्वतः चार फळ्या कापल्या.

"त्याला बोलवा."

"तो येणार नाही. त्याची एक अट आहे. गिरण्यांत तो जाईल आणि तुम्ही यायचं नाही. कुठंच."

माझं बोलणं ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली हे मला दिसलं. पत्रा माझा, करवत माझी, भांडणं मी केली, दगड मी खाल्ले, असं बरंच काही त्या बोलल्या. खरं तर दगड या मिस्त्रीनं खाल्ला होता, पण मी मध्ये पडलो नाही. शेवटी म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. लागेल तेवढा पत्रा द्या. आणि मला रोज येऊन सांगायचं नाही काय झालं ते."

मी रोज सांगायचो आणि त्या रोज ऐकायच्या.

पुतण्या मालकांकडे गेलाच नाही. तो थेट करवतीवरच्या माणसाशेजारी जाऊन उभा राहायचा. हात खिशातून काढायचा नाही. त्याचं काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक होतंच. "दोन दिवस लावून बघ," एवढंच म्हणायचा. "नाही जमलं तर मीच काढून नेतो." दोन ठिकाणी त्यानं खरंच काढून नेलं आणि बदल करून परत आणलं. कुणाची फळी जाड, कुणाचा बाक उंच, कुणी डावखुरा. प्रत्येकाचं झाकण वेगळं झालं. फळ्या पूर्वीइतक्याच निघायला लागल्या, तशी मजुरीची भांडणंही थंडावली. बाईंनी भुसा उचलायला सुरुवात केली, पण माघार घेतली असं कुणाला वाटू नये म्हणून एक-एक गिरणी करून, रडतखडत.

दोन वर्षांत सतरापैकी सोळा गिरण्यांत झाकणं बसली. सतरावी दिराची. मुलगा बापाकडे झाकण घेऊन गेला तेव्हा बाप म्हणाला, "आता कशाला?" त्यानंतर दिरानं त्या करवतीवर कधी दुसऱ्या कुणाला उभं केलं नाही. स्वतः कापायचा, झाकणाशिवाय, म्हातारा होईपर्यंत. मग एक दिवस पट्टा उतरवला आणि गिरणी बंद केली.

बाईंनी गावातल्या दवाखान्यात हाताच्या शस्त्रक्रियेची खोली बांधून दिली. पुन्हा कुणाला तीन तास ट्रकमध्ये बसायला लागू नये म्हणून. उद्घाटनाला गाव आलं, पुतण्या आला नाही. बाई पूर्ण वेळ कंत्राटदाराला फरशीच्या उतारावरून झापत होत्या. मी म्हटलं, "त्याला एकदा तुम्हीच जाऊन भेटा."

"भेटून काय म्हणू?"

"चुकले म्हणा."

"चुकले नाही मी. तीन झाकणं बसली होती." मग फरशीकडं बघत म्हणाल्या, "नोकरीच्या आशेनं शर्ट घालून यायचा, हे तो ओरडेपर्यंत मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"



बाई एकसष्टाव्या वर्षी गेल्या. डोंगराच्या उतरणीवर तोडणी चालू होती, तिथं मजुरांवर ओरडताना छातीत कळ आली. गिरणी, झाडं, सगळं त्यांनी लाकूडकामात जखमी झालेल्यांसाठी ट्रस्टच्या नावे केलं होतं आणि ट्रस्टचं अध्यक्षपद पुतण्याला दिलं होतं. त्याला न विचारता. वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा तो चाळिशीत होता, स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवत होता.

"मेल्यावरही हुकूम सोडतात," तो म्हणाला. "मी घेणार नाही."

चार महिने खुर्ची रिकामी राहिली. तेवढ्यात लांबच्या एका गिरणीतला कामगार बायकोला घेऊन आला, हाताला बांधलेलं फडकं तसंच. ऑफिसात सही करणारं कुणी नव्हतं. मी पुतण्याला बोलावून आणलं. तो उभ्या उभ्याच सही करून निघणार होता. मग त्या माणसानं त्याला विचारलं, डाव्या हातानं लिहायला किती दिवस लागले? तो खुर्ची ओढून बसला. बाईंबद्दल तो तेव्हाही चांगलं बोलत नव्हता आणि आताही बोलत नाही. आम्हा दोघांचं पटतं त्याचं ते एक कारण असावं.

गेल्या वर्षी दीर ऑफिसात आला. पंचाहत्तरी ओलांडलेली, काठी टेकत. आयुष्यभर करवतीशेजारी उभं राहिल्यामुळं त्याचे दोन्ही कान गेलेत. कानाचं यंत्र ट्रस्टकडून मिळतं हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी अर्ज समोर ठेवला. त्यानं चष्मा लावला, वरची ओळ वाचली आणि कागद परत सरकवला. अर्जाच्या डोक्यावर ट्रस्टचं नाव, म्हणजे बाईंचं नाव छापलेलं होतं.

"हिच्या नावाखाली मी सही करणार नाही," तो बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानं म्हणाला. "बहिरा राहीन."

मुलगा समोरच बसला होता. बापाला समजावायला ओरडावं लागलं असतं, आणि बाहेर बाकावर माणसं बसली होती. त्यानं टेबलाच्या खणातून कात्री काढली. डाव्या हातानं अर्जाची वरची चार बोटं रुंदीची पट्टी कापली आणि उरलेला कागद बापापुढं ठेवला. म्हाताऱ्यानं तो पुढून-मागून नीट तपासला. मग सही केली.

"अध्यक्ष कोण आहे इथं?" त्यानं माहीत नसल्यासारखं मुलालाच विचारलं. "कधी मिळेल यंत्र?"

"पंधरा दिवसांनी या," मुलानं बोटांनी पंधरा दाखवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि कागदावर आकडा लिहून दिला.